सोलापुरात शून्य सावलीचा प्रयोग: तारीख, वेळ, मांडणी आणि मुलांचे प्रश्न

भूगोल_सातवी

सोलापूरजवळच्या शाळेत सातवी-आठवीला भूगोल शिकवते. परिवलन (पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं), परिभ्रमण (सूर्याभोवती फिरणं) आणि ऋतू हे प्रकरण फळ्यावरच्या आकृतीने मुलांच्या गळी उतरत नाही, म्हणून यंदा शून्य सावलीचा, म्हणजे सूर्य बरोबर माथ्यावर आला की उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो, प्रयोग मांडायचं ठरतंय. काही गोष्टी आधीच पक्क्या करून घ्यायच्या आहेत.

१. सोलापूरसाठी नेमकी तारीख आणि वेळ कोणती? काही ठिकाणी १२:२३ दिलंय. ठीक १२ ला पाहिलं तर चालणार नाही का?
२. मे महिन्यात शाळेला सुट्टी. दुसरी तारीख ऑगस्टमध्ये येते असं वाचलं, तेव्हा ढग. मग करायचं काय?
३. काठी केवढी घ्यावी, सरळ उभी आहे हे कसं तपासावं? काही जण स्टीलचा पेला उपडा ठेवून दाखवतात, ते पुरेसं आहे का?
४. मुलं हमखास विचारणार: सगळ्यांत मोठा दिवस २१ जूनचा, मग उकाडा मे महिन्यात का? आणि पुस्तकातल्या आकृतीत पृथ्वीची कक्षा लांबट दिसते, त्यामुळे "सूर्य जवळ आला की उन्हाळा" हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय की काही केल्या निघत नाही.

---

शंकुछाया

मॅडम, आधी तारीख. सोलापूर १७.६६° उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य ज्या दिवशी विषुववृत्ताच्या तेवढाच उत्तरेला असतो, त्या दिवशी तो तुमच्या बरोबर डोक्यावर येतो. उत्तरेकडे जाताना ही वेळ १० मेला येते आणि दक्षिणेकडे परतताना २ ऑगस्टला. लीप वर्षाच्या फेऱ्यामुळे तारीख एखाद्या दिवसाने इकडेतिकडे होते, त्याने प्रयोग बिघडत नाही.

आता १२ ला का नाही. घड्याळ चालतं ८२.५° पूर्व रेखावृत्तावर, सोलापूर आहे ७५.९१° वर. म्हणजे ६.५९° पश्चिमेला. पृथ्वीला १° फिरायला ४ मिनिटं लागतात, त्यामुळे सूर्य तुमच्या माथ्याशी सरासरी २६ मिनिटं २२ सेकंद उशिरा पोचतो. हा झाला परिवलनाचा हिशेब. त्यात परिभ्रमणाची भर पडते: कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, म्हणून खरा सूर्य घड्याळाच्या सरासरी सूर्याच्या कधी पुढे असतो, कधी मागे. १० मेला तो सुमारे साडेतीन मिनिटं पुढे असतो, म्हणून माध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ, १२:२३ ला. २ ऑगस्टला तो सहा मिनिटांहून थोडा जास्त मागे असतो, म्हणून तेव्हा १२:३२ ते १२:३३. मेची वेळ ऑगस्टला वापरलीत तर दहा मिनिटं चुकाल, आणि या प्रयोगात दहा मिनिटं म्हणजे फार झाली.

इतर ठिकाणच्या शिक्षकांसाठी पहिली तारीख, एका दिवसाचा फरक धरून: पणजी २ मे, कोल्हापूर ६ मे, रत्नागिरी ७ मे, पुणे १३ मे, मुंबई १५ मे, छत्रपती संभाजीनगर १९ मे, नाशिक २० मे, नागपूर २६ मे. वेळेत मात्र मुंबई आणि नागपूर यांच्यात जवळजवळ २५ मिनिटांचं अंतर आहे: मुंबईला १२:३५, नागपूरला १२:११.

---

ओळंबा

मांडणीबद्दल लिहितो, कारण निम्मे प्रयोग इथेच फसतात.

उपड्या पेल्याचा प्रयोग बाद करा. पेला वर निमुळता असतो. समजा उंची १२ सेंमी, तोंडाचा व्यास साडेसात आणि बुडाचा साडेपाच. बाजू १२ सेंमीत १ सेंमी आत जाते, म्हणजे जवळपास पावणेपाच अंशाचा उतार. सूर्य माथ्यापासून पावणेपाच अंश ढळेपर्यंत सावली पेल्याच्या पायाबाहेर येतच नाही. घड्याळात मोजलं तर माध्यान्हाच्या आधी वीस मिनिटं आणि नंतर वीस मिनिटं "शून्य सावली" दिसत राहते, आणि तारीख पंधरवड्याने चुकली तरी पेला काही बोलत नाही. समाजमाध्यमांवर फिरणारे बाटलीचे, फुलदाणीचे फोटो बरेचसे याच जातीचे.

घ्यायचं काय: ८ मिमीचा सरळ गज, पाटाच्या वर ३० सेंमी राहील असा. दोन फूट बाय दोन फूट प्लायवूड, मध्ये भोक, खालून-वरून वॉशर लावून नट आवळायचे. पाटाला दोन कोपऱ्यांत दोन आणि समोरच्या कडेच्या मध्यावर एक असे तीन बोल्ट पाय म्हणून, चार नकोत. तीन पायांवर पाट डगमगत नाही आणि एकेक बोल्ट फिरवून सपाटी साधता येते. पाणसळ (सपाटी दाखवणारी बुडबुड्याची नळी) आधी पूर्व-पश्चिम ठेवा, मग उत्तर-दक्षिण. प्रत्येक वेळी ती उलटी फिरवून पुन्हा बुडबुडा बघा. दोन्ही वेळा एकाच जागी आला तरच पाणसळ खरी. पाट सपाट झाल्यावर गजाला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावा, तोही दोन बाजूंनी. गुण्या नसेल तर गजाच्या शेजारी ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) सोडून आधी उत्तरेकडून आणि मग पूर्वेकडून डोळा लावून बघा.

इतकी कटकट कशासाठी, तर ३० सेंमीचा गज एका अंशाने कलला की टोक ५ मिमी सरकतं. एक अंश कलणं डोळ्याला दिसतही नाही, पण कल उत्तर-दक्षिण असेल तर सावलीच्या भाषेत ती चार दिवसांची चूक.

लांब काठीचा मोह टाळा. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे सावलीची कडा पुसट असते. ३० सेंमीला जवळपास ३ मिमी पुसटपणा, १ मीटरला ९ मिमी. काठी लांब केली की मोजमाप मोठं होतं तसा पुसटपणाही त्याच प्रमाणात वाढतो. त्यापेक्षा गजाच्या टोकावर पातळ पत्र्याचा तुकडा बसवा आणि पत्र्याला गजाला लागून २ मिमीचं भोक पाडा. कागदावर उजेडाचा छोटा गोल पडतो, त्याचा मध्य अर्ध्या मिलीमीटरपर्यंत टिपता येतो. फक्त मोजताना शून्य कुठे हे आधी ठरवून घ्या: भोकातून ओळंबा सोडून कागदावर जिथे टेकतो ती खूण, गजाचं बूड नव्हे.

पाटावर आलेख कागद चिकटवा, ११:५० पासून दर पाच मिनिटांनी खूण करा, शेवटच्या दहा मिनिटांत दर मिनिटाला. मोबाइलवर वेळ आपोआप नेटवर्कवरून घेण्याची सोय चालू आहे ना, बघा. भिंतीवरच्या घड्याळावर विसंबू नका. आणि सोलापूरचा मे महिना आहे: मुलं सावलीत, खूण करणारे दोघेच उन्हात, आणि भोकातून वर सूर्याकडे बघायचं नाही हे दोनदा सांगायचं.

---

शंकुछाया

ओळंबा यांनी "चार दिवसांची चूक" म्हटलंय त्यावरून एक गोष्ट जोडतो. या प्रयोगात मुलांना दाखवण्यासारखं खरं काही असेल तर हेच आहे.

माध्यान्हाच्या आसपास सावलीचं टोक पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. सोलापूरच्या माथ्यावर हा वेग मिनिटाला ०.२४°. हे परिवलन. दुसरीकडे, रोज माध्यान्हाला तेच टोक उत्तर-दक्षिण रेषेवर थोडं हलतं, मेच्या दुसऱ्या आठवड्यात दिवसाला ०.२६°. हे परिभ्रमण, कललेल्या आसाच्या मार्फत. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. ३० सेंमीच्या गजावर दोन्हींचं माप सव्वा ते दीड मिलीमीटर.

म्हणजे एक मिनिट चुकलं काय आणि एक दिवस चुकला काय, कागदावर चूक तेवढीच, फक्त दिशा वेगळी. वेळ चुकली तर खूण शून्याच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला पडते. तारीख चुकली तर उत्तरेला किंवा दक्षिणेला. मुलांनी ९, १० आणि ११ मे अशा तिन्ही दिवसांच्या खुणा एकाच कागदावर केल्या तर तीन समांतर रेषा मिळतील, दीडेक मिलीमीटर अंतरावर. रेषेच्या लांबीच्या दिशेने पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं, आणि एका रेषेवरून दुसरीवर जाणं म्हणजे सूर्याभोवती फिरणं. दोन्ही गती एका कागदावर.

आणखी एक. पृथ्वी २४ तासांत एक फेरी पूर्ण करते असं आपण सांगतो ते थोडं ढिलं आहे. ताऱ्यांच्या संदर्भात फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण होते. तेवढ्यात पृथ्वी कक्षेत जवळपास १° पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्यावर यायला आणखी चार मिनिटं फिरावं लागतं. वर्षात दिवस ३६५ आणि फेऱ्या ३६६. आठवीच्या हुशार मुलांना हे आवडतं, सातवीला नाही सांगितलं तरी चालेल.

---

भूगोल_सातवी

फारच उपयोगी, दोघांचेही आभार. पेल्याचा प्रयोग रद्द. गज, प्लायवूड आणि गुण्या शाळेच्या बांधकामातून मिळेल.

पृथ्वीगोल आणि दिवा वापरून ऋतू दाखवताना नेमकं काय चुकतं तेही सांगाल का? मुलं पाहतात, मान डोलावतात, आणि पेपरात पुन्हा "पृथ्वी सूर्याजवळ येते" लिहितात.

---

कर्कवृत्त

एकच चूक, आणि ती जवळपास सगळ्यांकडून होते. शिक्षक गोल हातात घेऊन दिव्याभोवती फिरतात आणि फिरताना स्वतःही वळतात. त्याबरोबर आसही वळतो आणि उत्तर ध्रुव वर्षभर दिव्याकडेच झुकलेला राहतो. मग उन्हाळा बारा महिने. मुलांनी मान डोलावली तरी त्यांनी जे पाहिलं ते चूकच होतं.

उपाय सोपा. वर्गाच्या एका भिंतीवर मोठ्या अक्षरांत "ध्रुवतारा" लिहा. गोल कुठेही नेला तरी त्याचा आस त्या भिंतीकडेच झुकलेला. जमिनीवर खडूने वर्तुळ काढून चार जागा करा आणि गोल उचलून ठेवा, फिरवू नका. ज्या जागी ध्रुव दिव्याकडे झुकतो ती २१ जून, समोरची २२ डिसेंबर, मधल्या दोन २१ मार्च आणि २३ सप्टेंबर. वरून पाहिलं तर क्रम घड्याळाच्या उलट दिशेने.

दिवा उघडा एलईडी बल्ब, वर झाकण नको, आणि बल्बची उंची गोलाच्या मध्याएवढी. बल्ब वर असला तर सगळे कोन खोटे. अंतर दीड ते दोन मीटर ठेवा. फार जवळ ठेवला तर निम्म्याहून कमी गोल उजळतो. खिडक्या बंद. सोलापूरच्या जागी मळलेल्या कणकेचा गोळा चिकटवून त्यात टाचणी उभी खोचा. जूनच्या जागेवर सोलापूर दिव्यासमोर आणलं की टाचणीची सावली दक्षिणेकडे पडलेली दिसते, डिसेंबरच्या जागेवर उत्तरेकडे आणि कितीतरी लांब. ती सावली बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण हीच सावली नंतर मैदानावर मोजायची आहे.

लंबवर्तुळाचं म्हणाल तर पुस्तकातली आकृती तिरकस बाजूने पाहिल्यासारखी काढलेली असते, हे तिथे लिहिलेलं नसतं. मुलांना कंपासने १० सेंमी त्रिज्येचं साधं वर्तुळ काढायला सांगा आणि सूर्य मध्यापासून १.७ मिमी बाजूला ठेवा. झाली पृथ्वीची कक्षा, प्रमाणात. या आकाराला खऱ्या कक्षेचा चपटेपणा ०.०३ मिमी येतो, पेन्सिलीची रेघच त्याहून जाड. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, १४ कोटी ७१ लाख किमी. सर्वांत दूर जाते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १५ कोटी २१ लाख किमी. जानेवारी म्हटलं की स्वेटर. एवढं वाक्य पुरतं.

मात्र "अंतराचा काहीच परिणाम नाही" असंही शिकवू नये. जवळ-दूरमुळे ऊर्जेत जवळपास ७ टक्के फरक पडतो. आणि जवळ असताना पृथ्वी वेगाने धावते, म्हणून सप्टेंबर ते मार्च हा विषुवदिनांमधला (दिवस-रात्र समान असण्याच्या दोन दिवसांमधला) काळ १७९ दिवसांचा आणि मार्च ते सप्टेंबर १८६ दिवसांचा. कॅलेंडर घेऊन मुलं स्वतः मोजू शकतात.

---

माळव्यातला

इंदूरचे मराठी शाळावाले आम्हीही हे करू इच्छितो. आमच्याकडे तारीख?

---

शंकुछाया

इंदूर २२.७२° वर आहे, म्हणून ७ जूनच्या आसपास, वेळ साधारण १२:२५ ते १२:२६. परतीची तारीख ५-६ जुलै. तुम्हाला एक सोय आहे. कर्कवृत्ताजवळ सूर्याची उत्तरेकडची चाल मंदावते, जूनच्या पहिल्या आठवड्यात दिवसाला ०.१° एवढीच. त्यामुळे दोन दिवस आधी-नंतर पाहिलं तरी सावली जवळपास नाहीशीच दिसेल. वेळेत मात्र सवलत नाही, परिवलन तुमच्यासाठी मंदावत नाही. दिल्लीच्या नातेवाइकांना बोलावून घ्या, त्यांच्याकडे सूर्य कधीच माथ्यावर येत नाही. २१ जूनलाही १ मीटरच्या काठीची ९ सेंमी सावली उत्तरेला उरते.

---

पर्जन्यछाया

मे महिन्याचा उकाडा आणि २१ जून हा प्रश्न राहिलाय, तो घेतो.

आधी ऊर्जेचा हिशेब. ढग, हवा सगळं वगळून वातावरणाच्या माथ्यावर सोलापूरला चोवीस तासांच्या सरासरीने किती ऊर्जा येते ते गणिताने काढता येतं. १० मेला चौरस मीटरला सुमारे ४५० वॅट, २१ जूनला तेवढीच, आणि ऑगस्टच्या सुरुवातीलाही त्याच्या जवळपास. डिसेंबरच्या अखेरीस सुमारे ३१०. म्हणजे मेपासून ऑगस्टपर्यंत सूर्य हात आखडता घेतच नाही. २१ जूनचा दिवस सर्वांत मोठा खरा, पण सोलापुरात तो १३ तास ११ मिनिटांचा आणि सर्वांत लहान ११ तास ४ मिनिटांचा. दोन तासांचा फरक. लंडनला हाच फरक पावणेनऊ तासांचा आहे, म्हणून तिथे दिवसाची लांबी ऋतू ठरवते. आपल्याकडे दिवसाच्या लांबीपेक्षा किरणांचा कोन जास्त बोलतो: डिसेंबरच्या दुपारी सूर्य माथ्यापासून ४१° ढळलेला, म्हणून तीच उष्णता जवळपास एक तृतीयांश जास्त जमिनीवर पसरते.

मग जुलै मेसारखा का तापत नाही? मोसमी पाऊस. ढग ऊन परत पाठवतात आणि जे खाली पोचतं त्यातलं बरंचसं ओल्या जमिनीतलं पाणी वाफ करण्यात खर्च होतं, हवा तापवायला उरत नाही. मेमध्ये जमीन कोरडी, आकाश मोकळं, सूर्य माथ्यावर. पाऊस आलाच नसता तर आपलाही सर्वांत उष्ण काळ जूनच्या पुढे सरकला असता, कारण जमीन-पाणी तापायला वेळ घेतं. दुबई-कुवेतला नातेवाईक असतील तर विचारा, तिथे कहर जुलै-ऑगस्टमध्ये. दिवसातही हेच होतं: सूर्य माथ्यावर १२:२३ ला, पारा सर्वांत वर तीनच्या सुमारास.

आणि तो पाऊस आणणारा वारा तरी नैर्ऋत्येकडून का येतो? उन्हाळ्यात उत्तरेची जमीन तापून कमी दाबाचा पट्टा विषुववृत्ताच्या उत्तरेला सरकतो. हे परिभ्रमण आणि कललेल्या आसाचं काम. दक्षिण गोलार्धातले आग्नेय व्यापारी वारे त्याच्या ओढीने विषुववृत्त ओलांडतात. पृथ्वी फिरत नसती तर ते सरळ दक्षिणेकडून आले असते. ती फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचे होऊन सह्याद्रीला आपटतात. इथे परिवलनाचं काम फक्त दिवस-रात्र एवढंच नाही, हे मुलांना आवर्जून सांगा. पुस्तकात ते दोन वेगळ्या धड्यांत असतं आणि जोडलं जात नाही.

यापुढे सूर्याचा संबंध संपतो आणि डोंगराचा सुरू होतो. महाबळेश्वर आणि सोलापूर यांच्या अक्षांशात जेमतेम पाव अंशाचा फरक. शून्य सावलीची तारीखही एका दिवसाने वेगळी, म्हणजे सूर्याकडून दोघांना मिळतं ते सारखंच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर पाऊस, सोलापूरला सातशेच्या आसपास. एक सह्याद्रीच्या माथ्यावर, दुसरं त्याच्या पाठीमागे कोरड्या बाजूला. तापमानात उंचीचा वाटा: दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी. "ऋतू सूर्य देतो" हे खरं, पण हवामान कळायला नकाशा लागतोच.

तुमच्या ऑगस्टच्या प्रश्नालाही इथेच उत्तर आहे. मुंबई-रत्नागिरीला २७-२८ जुलै किंवा ५ ऑगस्टला सूर्य दिसणं नशिबाचं काम. सोलापूर पर्जन्यछायेत असल्याने ऑगस्टमध्ये ढगांच्या मधून ऊन पडण्याची शक्यता बरी असते. एकाच दिवसावर विसंबू नका. ३१ जुलै ते ४ ऑगस्ट रोज १२:२० ला पाट मांडून ठेवा.

---

कर्कवृत्त

याच विषयात मुलांचा आणखी एक प्रश्न येईल, तयारी असू द्या: उत्तरायण संक्रांतीला सुरू होतं ना? आकाशातलं उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होतं. पंचांगातली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भातल्या मकर राशीवर ठरते, आणि पृथ्वीचा आस सावकाश डुलत असल्याने दोन्हींत ७२ वर्षांत एका दिवसाचं अंतर पडतं. साधारण १,७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी होती, आज तीन आठवड्यांहून जास्त फरक.

"संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो" हे मात्र सोलापूरच्या घड्याळावर तपासण्यासारखं आहे. २२ डिसेंबरला सूर्योदय ६:५३, सूर्यास्त ५:५७. १४ जानेवारीला सूर्योदय ७:००, सूर्यास्त ६:११. दिवस सात मिनिटांनी वाढला, पण सकाळ सात मिनिटांनी उशिरा! शाळेला अंधारात निघणाऱ्या मुलांना दिवस लहानच होतोय असं वाटतं, त्यांचं चुकत नाही. याचं कारण वर शंकुछाया यांनी सांगितलेला खऱ्या आणि सरासरी सूर्याचा फरक: त्या तीन आठवड्यांत माध्यान्हच साडेदहा मिनिटांनी पुढे सरकते. सूर्योदय जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उशिरा-उशिराच होत जातो, आणि सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यातच होऊन गेलेला असतो, ५:४९ च्या सुमारास.

---

भूगोल_सातवी

२ ऑगस्ट पूर्ण ढगाळ गेलाच तर? मुलांच्या हाती काहीतरी लागायला हवं.

---

ओळंबा

मग शून्य सावलीवर अडून बसू नका, वर्षभराची सावली घ्या. तोच पाट, तोच गज, पण आता तो गच्चीवर पक्का बसवा, जागेवरून हलता कामा नये. दर सोमवारी घड्याळात बरोबर १२:३० ला एक खूण, शेजारी तारीख. ढग असला तर मंगळवारी. माध्यान्हाची वेळ दर आठवड्याला बदलायची नाही, घड्याळाची वेळ ठरलेली ठेवायची, हेच यातलं मर्म. वर्षाअखेर खुणा जोडल्या की लांबट इंग्रजी आठ तयार होतो. उत्तर-दक्षिण पसारा कललेल्या आसाचा, पूर्व-पश्चिम पसारा घड्याळ आणि सूर्य यांच्यातल्या फरकाचा.

सोलापूरला ३० सेंमीच्या गजासाठी मापं अशी येतात: २२ डिसेंबरला सावली उत्तरेला २६ सेंमी, विषुवदिनाला साडेनऊ, २१ जूनला दक्षिणेला ३ सेंमी. एकूण २९ सेंमी लांब आणि सर्वांत रुंद जागी चार-पाच सेंमी. ए-३ कागदाची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा आणि गज दक्षिणेच्या कडेपासून ८ सेंमीवर येऊ द्या, म्हणजे जूनची खूण कागदाबाहेर जाणार नाही. गज मधोमध ठेवला तर डिसेंबरला पाच सेंमी सावली कागदाबाहेर जाते.

उत्तर दिशा मोबाइलच्या होकायंत्रावरून घेऊ नका, लोखंडी गजाजवळ तो काहीही दाखवतो. जुनी पद्धत वापरा, सूर्यसिद्धान्तात दिलेली: शंकूभोवती, म्हणजे उभ्या गजाभोवती, वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरतं तिथे एक खूण, दुपारी बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन्ही जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. डिसेंबर किंवा जूनच्या शेवटी केलं तर सर्वांत अचूक, कारण त्या दिवसांत सूर्याची उत्तर-दक्षिण चाल थांबल्यासारखी असते. वर्तुळाची त्रिज्या डिसेंबरला ३५ सेंमी घ्या, म्हणजे दोन्ही खुणा माध्यान्हाच्या दोन्ही बाजूंना पुरेशा लांब पडतील. पाट लहान पडेल, म्हणून हे काम आधी गच्चीच्या फरशीवर खडूने करा आणि मग पाट त्या रेषेला लावून बसवा. फरशीला पाणी जायला उतार दिलेला असतो, तेवढा पाणसळीने बघून सपाट तुकडा निवडा.

विषुवदिनाची सावली मिळाली की तिला गजाच्या उंचीने भागा, कॅल्क्युलेटरवर उलटा टॅन दाबा. ९.५५ भागिले ३० म्हणजे ०.३१८, कोन १७.७°. मुलांनी स्वतः मोजलेला सोलापूरचा अक्षांश. फक्त त्या दिवशी खूण १२:३० ला नको, खऱ्या माध्यान्हाला हवी: २१ मार्चला १२:३४, २३ सप्टेंबरला १२:१९.